डब्यावरचे इंग्रजी ओळखा



"साहेब, डब्यावर सगळं इंग्रजीत लिवलंय, आमाला काय कळतंय?" हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. आणि दर वेळी मला वाटते, की ज्याला इंग्रजी अजिबात येत नाही त्याची फसगत फार होत नाही. तो निदान चार जणांना विचारतो. फसतो तो थोडे इंग्रजी येणारा. त्याला शब्द ओळखीचा वाटतो, अर्धा वाचून तो पुढे जातो, आणि नेमका उरलेल्या अर्ध्यात घोटाळा असतो.

मराठवाड्यातील एका गावची गोष्ट सांगतो. तूर फुलोऱ्यात होती, शेंगा धरू लागल्या होत्या आणि घाटे अळी दिसू लागली होती. घरातील कर्ते गृहस्थ तालुक्याला गेलेले. त्यांच्या मंडळींनी दूरदृष्टीने विचार केला, की दोन दिवस थांबलो तर अळी शेंगा पोखरील. गोठ्याच्या फळीवर एक भरलेला डबा होता. धाकट्या दिरांनी उसासाठी आणून ठेवलेला. माउलीने नववीतल्या मुलाला डबा दाखवून विचारले, "हे काय औषध आहे रे?" मुलाने मोठ्या अक्षरातला शब्द वाचला. पहिली चार अक्षरे एच, ई, आर, बी. त्याने शाळेत आणि टूथपेस्टच्या खोक्यावर 'हर्बल' हा शब्द शंभर वेळा पाहिलेला. तो म्हणाला, "आई, हर्बल आहे. झाडपाल्याचं. काही अपाय नाही." अपाय नाही म्हटल्यावर पंपात टोपणभर जास्तच पडले.

शब्द 'हर्बल' नव्हता, 'हर्बिसाइड' होता. डब्यात २,४-डी हे तणनाशक होते. ऊस, गहू, ज्वारी अशा गवतवर्गीय पिकांत रुंद पानांचे तण मारण्यासाठी ते वापरतात. आणि तूर ही स्वतःच रुंद पानांची! तिसऱ्या दिवशी शेंडे वाकडे झाले, देठ पिळवटले, फुले गळू लागली. मला बोलावणे आले तेव्हा बांधावर त्या बाई उभ्या होत्या आणि मुलगा त्यांच्या मागे तोंड लपवून. एका एकराची तूर गेली. अळीही गेली म्हणा, तिला खायलाच काही उरले नाही. मुलाला कोणी मारले नाही, ही मला त्या घराची मोठी गोष्ट वाटली.

त्या दिवशी बांधावर बसून मी त्या मुलाला जे सांगितले, तेच आज तुम्हांला सांगतो.

इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'साइड' आला आणि तो सी, आय, डी, ई असा लिहिला असेल, तर तो शब्द मारणाऱ्या वस्तूचा आहे. मूळ लॅटिन भाषेतील मारणे, कापणे या अर्थाच्या शब्दापासून हे शेपूट आले. बाजू या अर्थाचा 'साइड' वेगळा, तो 'एस'ने सुरू होतो. लक्षात ठेवायला सोपे: टीव्हीवरची सी.आय.डी. आणि तिच्या मागे ई. ही सी.आय.डी. दिसली, की समजा मारेकरी डब्यातच आहे. आता मारणार कोणाला, हे शब्दाचे डोके सांगते. डोके 'इन्सेक्ट' असेल तर कीटक, म्हणून इन्सेक्टिसाइड हे कीटकनाशक. डोके 'फंजी' असेल तर बुरशी, म्हणून फंजिसाइड हे बुरशीनाशक. 'हर्ब' म्हणजे रोप, पाला. हर्बिसाइड म्हणजे रोपांना मारणारे, आपले तणनाशक. त्यालाच काही डब्यांवर 'वीडिसाइड' लिहितात, कारण वीड म्हणजे तण. (वीड आणि सीड यांत एका अक्षराचा फरक, पण एक उपटायचे आणि दुसरे पेरायचे!) 'रोडंट' म्हणजे उंदीर-घुशी, 'माइट' म्हणजे कोळी. आणि 'पेस्टिसाइड' हे या सगळ्या घराण्याचे आडनाव आहे. नुसत्या आडनावावरून माणूस कळत नाही, तसे नुसते 'पेस्टिसाइड' वाचून फवारा मारू नये.

आपण या सगळ्यांना सरसकट 'औषध' म्हणतो. घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. करप्यावर कीटकनाशक मारले तर पीक मरत नाही, पण पैसा आणि आठवडा दोन्ही जातात आणि करपा शेतभर होतो. माझ्या पाहण्यात असे नुकसान सर्वांत जास्त. ते डोळ्यांवर येत नाही, म्हणून त्याची कोणी चर्चाही करत नाही.

तणनाशकाच्या डब्यावर आणखी दोन बारीक शब्द असतात. 'सिलेक्टिव्ह' म्हणजे निवडक तण मारणारे. त्याच्या आधी 'नॉन' ही तीन अक्षरे असली, की ते समोर येईल ते हिरवे मारणारे. दुसरा शब्द 'प्री-इमर्जन्स', म्हणजे उगवणीपूर्वी जमिनीवर फवारायचे. आणि 'पोस्ट-इमर्जन्स', म्हणजे उगवल्यानंतर. सोयाबीनमध्ये पेंडीमेथॅलीन हे पहिल्या जातीचे, पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, जमिनीत ओल असताना. आणि इमॅझेथापायर दुसऱ्या जातीचे, तण दोन-तीन पानांवर असताना. अदलाबदल केली तर तण हसते. एका गृहस्थांनी मला 'प्री' म्हणजे 'फ्री' असे समजून विचारले होते, "एकावर एक फुकट काय हो साहेब?"

तणनाशकाचा पंप मात्र वेगळाच ठेवा. कपाशीला २,४-डीचा नुसता वारा लागला तरी पाने भेंडीच्या पानासारखी चिरतात आणि लोक व्हायरस आला म्हणून भलतेच फवारे मारत बसतात. साध्या पाण्याने एकदा खळबळलेला पंप स्वच्छ झाला असे धरू नये.

आता माझीच एक चूक सांगतो. नोकरीची पहिली वर्षे होती. एका बागाइतदाराच्या मोसंबीच्या लहान झाडांची पाने शिरांच्या मध्ये पिवळी पडत होती, जस्ताची कमतरता. मी खिशातला कागद काढला आणि घाईने लिहिले, 'झिंक, १०० ग्रॅम, २० लिटर पाण्यात.' झाले माझे काम! मी मोटारसायकलला किक मारली. दुकानात त्या दिवशी मालक नव्हते, नवीन पोरगा होता. त्याने फळीवर 'झिंक' शोधले आणि १० ग्रॅमच्या दहा पुड्या मोजून दिल्या. झिंक होते खरे, पण झिंक सल्फेट नव्हे, झिंक फॉस्फाइड. उंदरांचे जहाल विष!

वाचवले ते घरच्या काकूंनी. बादलीत पुडी सोडली तर भुकटी काळपट, पाण्यात विरघळेना, तळाशी बसली आणि लसणासारखा वास येऊ लागला. त्या म्हणाल्या, "खत असं वास मारत नसतं." बादली तशीच ठेवून, मुलांना दूर करून त्यांनी मला निरोप धाडला. मी धावत गेलो. झिंक फॉस्फाइडला ओलावा किंवा आम्ल लागले, की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. पोटात गेले तर तेथील आम्लाने तो आणखी वेगाने सुटतो. काकूंना ना सल्फेट माहीत, ना फॉस्फाइड. नाक मात्र जागेवर होते. त्या दिवसापासून मी अर्धे नाव कधी लिहिले नाही, आणि तुम्हीही अर्ध्या नावाची चिठ्ठी कोणा अधिकाऱ्याकडून घेऊ नका. "साहेब, पूर्ण नाव लिहा," असे बेधडक म्हणा. राग येणाऱ्याला येऊ द्या.

तेव्हा सल्फेट आणि फॉस्फाइड, फॉस्फेट आणि फॉस्फाइड, हे जोड नीट पाहून ठेवा. झिंक सल्फेट हे पांढरे, पाण्यात विरघळणारे. त्याच्या पिशवीवर २१ टक्के किंवा ३३ टक्के जस्त असे लिहिलेले असते. फॉस्फेट म्हणजे आपले सुपर फॉस्फेट, डायअमोनियम फॉस्फेट, पिकाचे अन्न. फॉस्फाइड म्हणजे झिंक फॉस्फाइड किंवा धान्यात किडीसाठी वापरतात ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड, दोन्ही प्राणघातक. शेवटी ए, टी, ई असेल तर एट, आणि आय, डी, ई असेल तर आइड. पण या शेपटावरून 'एट म्हणजे खत' असा नियम मात्र बांधू नका. डायमेथोएट, इमामेक्टिन बेंझोएट ही कीटकनाशके आहेत आणि त्यांच्या शेवटीही 'एट'च आहे. नाव पूर्ण वाचणे, याला दुसरा उपाय नाही.

विषाच्या डब्यावर पतंगासारखा उभा चौकोन असतो. खालच्या अर्ध्यात रंग, वरच्या अर्ध्यात शब्द. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे. त्या नियमांनी हे रंग ठरवले. लाल रंग सर्वांत जहाल, त्यावर कवटी व आडवी हाडे आणि 'पॉयझन' हा शब्द. पिवळा त्याच्या खालोखाल, त्यावरही 'पॉयझन'. निळ्यावर 'डेंजर'. हिरव्यावर 'कॉशन'. इथे आपल्या लोकांची गंमत होते. बोलण्यात 'डेंजर' हा शब्द आपल्याला फार भयंकर वाटतो. "लई डेंजर मानूस हाय," असे आपण म्हणतो. म्हणून निळा डबा पाहून घाबरतात आणि पिवळ्यावरचा 'पॉयझन' पाहून तितके घाबरत नाहीत. क्रम उलटा आहे. पॉयझन मोठा, डेंजर त्याच्या खालचा, कॉशन म्हणजे जपून. आणि हिरवा म्हणजे सेंद्रिय नव्हे, निर्धोकही नव्हे. हिरव्या डब्यातले तेही विषच, फक्त इतरांपेक्षा सौम्य. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यात मालकही होते आणि रोजाने आलेले मजूरही. पंप पाठीवर घेणाऱ्याला त्या चौकोनाचा अर्थ माहीत असलाच पाहिजे, मग तो शेताचा मालक असो वा नसो.

मात्रेच्या बाबतीत एकच जोड सांगतो, पण तो महागात पडणारा आहे. घडीपत्रकातील तक्त्यात मात्रा बहुधा हेक्टरी दिलेली असते आणि आपले डोके चालते एकरात. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरी ५०० मिली आणि ५०० लिटर पाणी लिहिले असेल, तर एकराला २०० मिली आणि २०० लिटर पाणी. १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. हेक्टरची मात्रा एकरात ओतणारे अडीचपट खर्च करतात आणि वर पाने करपली म्हणून दुकानदाराशी भांडतात. त्याच तक्त्यात 'ए.आय.' असा एक रकाना असतो, तो निव्वळ विषाचे वजन सांगतो. आपण पाहायचा तो 'फॉर्म्युलेशन'चा रकाना, म्हणजे बाटलीतून मोजून घ्यायचा माल. शेवटी 'वेटिंग पीरियड' लिहिलेला असतो. तितके दिवस फवारणीनंतर भाजी तोडायची नाही. घरच्या पोरांसाठीसुद्धा तोडायची नाही.

आणि हो, हे घडीपत्रक इंग्रजीबरोबर हिंदीत आणि प्रादेशिक भाषेतही छापावे लागते. पंपाचे नोझल पुसायला ते फार सोयीचे पडते हे मला माहीत आहे, पण आधी वाचा आणि मग पुसा!

बियाण्याच्या पिशवीकडे वळू. निळे लेबल 'सर्टिफाइड', म्हणजे प्रमाणित. बीज प्रमाणीकरण यंत्रणेने शेतात उभे पीक पाहून आणि बी तपासून दिलेले. हिरवे लेबल 'ट्रुथफुल', म्हणजे सत्यप्रत. ती उत्पादकाची स्वतःची ग्वाही. ट्रुथफुल शब्दात सत्य आहे म्हणून ते प्रमाणितापेक्षा वरचे, अशी समजूत मी पुष्कळ ठिकाणी ऐकली. तसे नाही. दोन्ही विकण्यास कायद्याने मोकळे, पण तपासणारा वेगळा. तसेच 'हायब्रिड' म्हणजे संकरित, त्याचे घरचे बी पुढच्या वर्षी धरू नये. 'व्हरायटी' म्हणजे सरळ वाण, त्याचे बी राखता येते. सोयाबीनचे बी आपण घरी ठेवतो ते याच बळावर.

पण लेबलावरचा सर्वांत मोठा चकवा आकड्यांचा आहे. 'प्युरिटी ९८ टक्के' असे लिहिलेले वाचून लोक समजतात, की शंभरातले ९८ दाणे उगवणार. प्युरिटी म्हणजे शुद्धता, पिशवीत काडी-कचरा व दुसरे बी किती कमी आहे ते. उगवण सांगणारा शब्द 'जर्मिनेशन', आणि प्रमाणित सोयाबीनची किमान उगवण ७० टक्केच ठरलेली आहे. म्हणून पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून स्वतः मोजा. पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे लेबल शाबूत राहते; लेबल, पावती आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोंडी बोलण्यावर काही होत नाही.

शेताबाहेरचा एक शब्दही सांगायलाच हवा, कारण त्याने आमच्या भावकीतील एक घर दहा वर्षे मागे गेले. माझे चुलते एका मित्राबरोबर पतसंस्थेत गेले. "नाना, साक्षीला सही करा," असे मित्राने सांगितले. अर्ज इंग्रजीत. सहीच्या ओळीखाली शब्द होता 'गॅरंटर'. साक्षीदाराला इंग्रजीत 'विटनेस' म्हणतात. गॅरंटर म्हणजे जामीनदार, त्यालाच कुठे 'शुअरिटी' असे लिहितात. साक्षीदार फक्त सांगतो, की सही माझ्यासमोर झाली. जामीनदार कर्जाच्या रकमेला बांधलेला असतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यानुसार करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा आणि मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येतेच असे नाही. मित्राने हप्ते थकवले आणि नोटीस नानांच्या दारात आली. नानांनी दोन बैल आणि काकूंच्या पाटल्या विकल्या. मित्र बाजारात भेटला की आजही रामराम घालतो.

बँकेच्या कागदावर 'प्रिन्सिपल' दिसला तर तो शाळेचा मुख्याध्यापक नव्हे, मुद्दल. 'इंटरेस्ट' म्हणजे तिथे आवड नव्हे, व्याज. आणि वर्तमानपत्रात कर्ज 'राइट ऑफ' केल्याची बातमी वाचून पेढे वाटू नका. 'वेव्हर' म्हणजे माफी. २०१९ साली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, ती त्या जातीची. 'राइट ऑफ' म्हणजे बँकेने आपल्या हिशेबाच्या सोयीसाठी ते येणे बाजूला काढले. देणे तसेच उभे असते आणि वसुली चालू राहू शकते. 'नॉमिनी' हा पैसे स्वीकारण्यासाठी नेमलेला माणूस. वारसाहक्क त्याने आपोआप ठरत नाही.

हल्ली मोबाइलचा कॅमेरा अक्षरांवर धरला की मराठी होऊन येते. चांगली सोय आहे, पण चुरगळलेल्या लेबलावर तो माझ्यासमोर दोनदा चुकला आहे. त्यापेक्षा किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. डब्यावरच्या शब्दातले एकेक अक्षर सुटे सुटे वाचून सांगा आणि विचारा.

तूर गेलेल्या त्या घरी मी पुढच्या खरिपात मुद्दाम गेलो. गोठ्याच्या एका फळीच्या तीन झाल्या होत्या, मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच, आणि कुलपाच्या पेटीत. मुलाने गेरूने लिहिले होते: वर 'कीड', मध्ये 'बुरशी', आणि सर्वांत खाली, इतरांपासून हातभर दूर, 'तण'. तिसऱ्या फळीवरचा पंपही वेगळा होता, त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली. मी विचारले, "बाळा, चिंधी कशाला?" तो म्हणाला, "आजीला वाचता येत न्हाई, साहेब. पण रंग दिसतो."